आंबवणाचा वाडगा

ओर्गेरी, मे महिन्याचा शेवटचा रविवार

प्रिय तिन्ना,

माझ्या अक्षरातलं पाकीट बघून छातीत धस्स झालं असेल, तर आधी घोटभर पाणी पी. कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही. आई ठणठणीत आहे आणि आज सकाळीच पोस्टमनशी भांडून झालंय तिचं. एरवी आपण दोघी फोनवर बोलतो, तेही आई कोंबड्यांकडे गेली की, हळू आवाजात. त्यामुळे पत्र आलं म्हणजे काहीतरी वाईटच असणार, असं तुला वाटणार. तसं काही नाही गं. उलट गेले काही दिवस मला इतकं हलकं वाटतंय की संग्रहालयाच्या फाटकावर तिकिटं फाडता फाडता मी गाणं म्हणते, आणि पर्यटक माझे फोटो काढतात. पण हे सगळं फोनवर सांगण्यासारखं नाही. का, ते शेवटी कळेल. तुला मधली पानं सोडून शेवट वाचायची खोड आहे, शाळेपासूनची. या वेळी तेवढं करू नकोस.

आपल्या शेतातल्या जुन्या दगडी बुरुजाचं आता काय झालंय ते तू पाहिलेलं नाहीस. बाबांच्या मातीला आलीस तेव्हा तिथं नुसती तारेची कुंपणं होती, आणि तू संध्याकाळच्या बोटीने परतही गेलीस. आता तिथं छान उद्यान आहे. ऑलिव्हच्या झाडांखाली बाक, पायवाटा, पाट्या. आजोबा ज्या दगडाला गाढव बांधायचे, त्याच्यापुढे उभं राहून जर्मन लोक माना डोलावतात. आणि आपल्या जुन्या शाळेत संग्रहालय केलंय. ज्या कोपऱ्यात बाई तुला शिक्षा म्हणून उभं करायच्या, तिथं आता तीन हजार वर्षांपूर्वीच्या घागरी उभ्या आहेत. त्या मात्र गप्प उभ्या राहतात, तुझ्यासारख्या वाकुल्या दाखवत नाहीत.

दर वर्षी मे महिन्यात या संग्रहालयाचा एक दिवस असतो, 'घरात आहे ते घेऊन या' असा. माळ्यावरचं, पेटीतलं, शेतात सापडलेलं काहीही आणायचं आणि सास्सारीहून येणाऱ्या पुरातत्त्वाच्या डॉक्टर आउरेलिया ते काय आहे, किती जुनं आहे ते सांगतात. कुठून आणलं, कधी आणलं, काही विचारत नाहीत. पहिल्या वर्षी चिटपाखरू आलं नाही. आपल्या गावाला सरकार काही फुकट सांगतंय म्हटलं की हात आधी खिशावर जातो. सगळे म्हणायचे, हा फौजदाराचा सापळा आहे, एकदा सुरई दाखवली की शेत गेलं समज. दुसऱ्या वर्षी फौजदार स्वतःच आपल्या आईचा जुना दिवा घेऊन रांगेत उभा राहिला, तेव्हा कुठं लोकांना धीर आला. आता इतकी गर्दी होते की आपण चीज आणि पाव विकून संग्रहालयाच्या छपराचा खर्च काढतो. पाव आईचा असतो. साधा, काट्याने टोचे मारलेला. दुसरा ती करत नाही, हे तुला माहीतच आहे.

या वर्षी गंमत म्हणजे जोम्मारिया राक्षसाचा दात घेऊन आला होता. सदऱ्याच्या आतल्या खिशात, रेशमी रुमालात. डॉक्टर आउरेलियांनी भिंग लावून पाहिलं आणि सांगितलं, "डुकराचा आहे, आणि फार तर तुमच्या लग्नातल्या डुकराचा." सगळे हसून हसून बेजार. जोम्मारिया म्हणाला, "मग तर ऐतिहासिकच आहे, त्यानंतर आमच्या घरी कोणी कोणाला मांस वाढलेलं नाही!" पाद्रीबाबांचं रोमन नाणं कोटाचं बटण निघालं. आणि मग पास्क्वा आली, नेन्नेद्दा मावशीची सून. कार्निव्हलच्या सुमारास नेन्नेद्दा मावशी गेली हे मी तुला सांगितलं होतं. तिचं घर आवरताना पास्क्वाला पेटीच्या तळाशी, लग्नातल्या चादरींखाली, एक मातीचा वाडगा मिळाला. वाडग्यात लाल काठाचं फडकं आणि फडक्यात हा एवढा, दोन मुठींएवढा तपकिरी गोळा. दगडासारखा टणक. पास्क्वा म्हणाली, "सासूबाईंनी हयातभर याला हात लावू दिला नाही. टाकला तर पाप लागेल म्हणायच्या. आता तुम्हीच सांगा बाई, हे काय पाप आहे ते."

डॉक्टर आउरेलियांनी तो हातात घेतला, हुंगला, नखाने खरवडला. कोणी म्हणालं गोफणीचा गोळा, कोणी म्हणालं दगड झालेलं अंडं. फौजदार म्हणाला, "तोफेचा नसला म्हणजे मिळवली." डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ही पाव फुगवायची आंबवलेली कणीक आहे, वाळून गेलेली. पण कणीक इतकी जड नसते. आत काहीतरी आहे."

मी तेव्हा पावाच्या टेबलामागे आईशेजारी उभी होते. आई चीज कापत होती. तिची सुरी थांबली. ती गोळ्याकडे बघत नव्हती, लाल काठाच्या फडक्याकडे बघत होती. तसली फडकी आत्याचीच असायची.

तिन्ना, आता मला तो शब्द लिहावाच लागेल, जो आपल्या घरात गेली कित्येक वर्षं कोणी उच्चारला नाही. ठसा. आजोबांना नांगरताना बुरुजाखाली सापडलेला तो भाजल्या मातीचा गोल ठसा, मधून किरण निघालेले, मागे धरायला बोंडी. आजीने तो धुतला आणि सणाच्या पावावर उमटवला, मग मिन्तोनिया आत्याने, मग आईने. गावात कोणाच्याही घरी लग्नाचा पाव असला तरी ठसा आपल्याकडून जायचा. त्याची एक कड तुटकी होती, कारण तू चालायला लागलीस तेव्हा तुझ्या हातून तो चुलीजवळ आपटला. आत्याने सगळ्यांना सांगितलं की दात येत होते म्हणून पोरीने चावा घेतला. तेव्हापासून आपल्या पावाच्या त्या कडेला सगळं गाव 'तिन्नाचा चावा' म्हणायचं. चर्चबाहेर बायका पाव हातात घेऊन कड शोधायच्या, आठवतं?

आणि मग तो आठवडा. उद्यानासाठी जमीन घेतली जात होती, कोणीतरी रात्रीत खणून मूर्ती पळवल्या होत्या आणि पोलीस घरोघर फिरत होते. तेव्हाचा फौजदार आताच्यासारखा नव्हता, तो पेट्या उपड्या करायचा. त्याच आठवड्यात एन्नियो जुन्या पेट्या, खुर्च्या विकत घेत गावात फिरत होता, आणि त्याच आठवड्याच्या शेवटी तू त्याच्याबरोबर तोरिनोला निघून गेलीस. पुढच्या सणाला आईने फळीवर हात घातला आणि ठसा तिथं नव्हता. ती एकच वाक्य बोलली, आणि ते तुझ्यापर्यंत पोचवणारे लोक गावात कमी नव्हते: "ठसा आणि पोरगी एकाच पेटीतून गेली." मी तिच्याशी भांडले, बाबा भांडले, काही उपयोग झाला नाही. बाबा म्हणायचे, "एन्नियो खुर्च्यासुद्धा भाव न करता घेतो, तो काय चोरी करणार!" पण आईचा स्वभाव तुला माहीत आहे. एकदा दार लावलं की ती किल्लीही कुठं ठेवली ते विसरते. तू चिठ्ठीत लिहिलंस की मी घेतलेला नाही. त्यानंतर तू कधी बोलली नाहीस, तिने कधी विचारलं नाही, आणि आपल्या घरचा पाव बोडका झाला.

असो. सोमवारी तो गोळा बास्तियानोकडे गेला. बास्तियानो आपला गुरांचा डॉक्टर, घोड्यांच्या पायांचे फोटो काढायचं यंत्र त्याच्याकडेच आहे. डॉक्टर आउरेलिया म्हणाल्या, फोडायचा नाही, आधी आत बघायचं. त्याच्या अंगणात अर्धं गाव जमलं. कोणी खुर्च्या आणल्या, कोणी कॉफी. एका लंगड्या कुत्र्याच्या मालकिणीने तर कुरकूर केली, "आमच्या फिदोचा नंबर आधीचा, आणि तुम्ही पावाला आत घेता?" बास्तियानो आतून फोटो घेऊन आला आणि त्याने तो उन्हात धरला. आधी कोणाला काही कळेना. मग दिसलं. एक गोल. मधून किरण. मागे बोंडी. आणि एका बाजूला कड नाही.

ओरडला जोम्मारियाच. "अरे, हा तर तिन्नाचा चावा!"

तुझं नाव, तिन्ना, भर अंगणात, सगळ्यांसमोर. मी आईकडे बघितलं. ती उभी होती, ती कुत्र्याच्या मालकिणीच्या खुर्चीवर बसली. बास्तियानोच्या बायकोने मिर्तोच्या दारूचा पेला आणला तर तोही तसाच हातात धरून बसली. मी तुला खरं सांगते, मला आधी आनंद झाला नाही, भीती वाटली. वाटलं, आता तिला काही झालं तर? इतक्या वर्षांचा राग एकदम पायाखालून गेला तर माणूस कशावर उभं राहणार?

संध्याकाळी पास्क्वाला घरी बोलावलं. तिने जे सांगितलं ते नेन्नेद्दा मावशीने तिला अनेकदा सांगितलं होतं, पण ती गोष्ट पेटीतल्या त्या टणक गोळ्याची आहे, हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मावशी म्हणायची, "मिन्तोनियाने एकदा आंबवण पाठवलं. तिची भाची तिन्ना घेऊन आली होती, धावत, केस मोकळे. म्हणाली, आत्याने सांगितलंय, फडकं सोडू नका, कोणाला दाखवू नका. मी म्हटलं, बाई, आंबवण कोणाला दाखवायचं असतं होय?" आणि तू धावत परत गेलीस. त्याच रात्री मावशीचा नवरा आन्तियोगो ट्रॅक्टरखाली सापडला. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, वर्षभर शेजारीच पाव देतात. आंबवण वाडग्यातच वाळून गेलं. मावशीला लाज वाटली. उसनं नेलेलं आंबवण ताजं करून परत द्यायचं असतं, वाळकं कोणत्या तोंडाने देणार? आणि पावाची कणीक टाकायची नाही, म्हणून फडक्यासकट पेटीत गेली. आणि नंतर आपल्याच घरातून जाणं-येणं कमी झालं, मग ती कधी बोललीच नाही.

म्हणजे आत्याने पोलिसांच्या भीतीने ठसा आंबवणात दाबला आणि तुझ्या हातून बाहेर काढला. पेट्या उपड्या करणाऱ्या फौजदाराने कणकेत हात घातला नसता, एवढं तिला बरोबर कळलं होतं. कोणाला सांगितलं नाही, तुलाही नाही, जेवढ्यांना माहीत तेवढ्यांना धोका, असा तिचा विचार. आणि तू गेल्यावर थोड्याच दिवसांत तिचं अर्धं अंग गेलं आणि वाचा गेली. तुला ठाऊक नसेल, ती शेवटपर्यंत एक हात मुठीसारखा दाबत राहायची, दुसरीकडे बोट दाखवायची, पुन्हा मूठ दाबायची. आम्हाला वाटायचं, तिला पाव हवाय. आई तिला दुधात बुडवून पाव भरवायची आणि ती तोंड फिरवायची. आता ते आठवलं की आई चुलीजवळ उठून जाते.

आता तुझ्या मनात येईल की पुढे काय झालं, पोलीस काय म्हणाले. मलाही तीच धास्ती होती. डॉक्टर आउरेलियांनी गोळ्यावर रोज ओलं फडकं ठेवून कणीक थोडी थोडी मऊ केली, संग्रहालयाच्या मधल्या टेबलावर, सगळ्यांदेखत. शाळेची पोरं बघायला यायची. आई रोज खुर्ची टाकून बसायची आणि कंटाळली की म्हणायची, "बाई, लग्नं लागून पोरं होतात एवढ्या वेळात." शेवटी तो बाहेर आला. साधा, लालसर, ओला. आईने हात पुढे केला आणि फौजदाराकडे बघून मागे घेतला. म्हणाली, "साहेब, हा आमच्या सासऱ्याला सापडला. आम्ही लपवला. शेत घ्यायचं तर घ्या, पण माझ्या पोरीला काही विचारू नका." फौजदार टोपी काढून उभा राहिला. तो म्हणाला, "मावशी, जमिनीतलं ते सरकारचं, हे खरं. पण मी माझ्या कागदावर एवढंच लिहिणार आहे की गावच्या बाईने स्वतःहून आणून दिलं. त्याला शिक्षा नसते, आभार असतात. आणि मला एक पाव द्या." मी तिकिटाच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि मनसोक्त रडले. हसतही होते. भीती इतकी जुनी झाली होती की ती भीती आहे हेच आपण विसरून गेलो होतो. आजोबांनी बाबांना दिली, बाबांनी आपल्याला दिली, आणि एका पावाच्या बदल्यात ती संपली.

ठसा सास्सारीला जाणार नाही, इथंच राहणार, शाळेच्या आपल्या वर्गात, खिडकीजवळच्या काचेच्या पेटीत. एलियास कुंभाराने त्याच्यावरून आपल्यासाठी एक नवा करून दिला. तो तुटकी कड भरून पूर्ण गोल करणार होता. आईने त्याला असं झापलं की बिचारा अजून सावरलेला नाही. "चावा राहू दे," म्हणाली, "नाहीतर कोणाच्या घरचा पाव ते कसं कळणार?"

आणि मग पाटीचा प्रश्न आला. पेटीवर छोटी पाटी असते, वस्तू काय, कोणत्या काळातली, आणि खाली देणाऱ्याचं नाव. डॉक्टरांनी आईला विचारलं, तुमचं नाव घालू की सासऱ्यांचं? आईने हाताने पेटीची काच पुसली. मग म्हणाली, "ज्याने जपून नेला त्याचं घाला." डॉक्टरांना वाटलं, नेन्नेद्दा मावशीचं. आई म्हणाली, "नाही. माझ्या पोरीचं, कोस्तान्तीना. मोठ्या अक्षरात घाला, गावातल्या म्हाताऱ्यांना चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे." पाटी लागली आहे, तिन्ना. मी रोज सकाळी कुलूप उघडल्यावर आधी तीच पुसते. जूनमध्ये सान जुआन्नेच्या सणाला पेटीवरचं कापड काढून ती सगळ्यांना दाखवायची आहे. पास्क्वानेही एक हट्ट धरलाय. मातीचा वाडगा ती आपल्याला परत द्यायला तयार नाही. म्हणते, आणला तिन्नाने, नेईलही तिन्नाच. तो तिच्या खिडकीत ठेवलाय, घासूनपुसून, आणि ती त्यात ताजं आंबवण भरून ठेवणार आहे. आई रोज चर्चला जाताना त्या खिडकीपाशी थांबते आणि हात न लावता पुढे जाते.

आता तू शेवटाला आलीस, मधलं खरंच वाचलं असशील तर. हे पत्र मी माझ्या मनाने लिहायला बसले नाही. आई टेबलापलीकडे बसली आहे, वाटाणे सोलते आहे आणि मी प्रत्येक पान तिला वाचून दाखवलंय. फोन कर म्हटलं तर नको म्हणाली, "फोनवर माझा आवाज जाईल, आणि तिला वाटेल म्हातारी मरायला टेकली." ती काय सांगते ते तिच्याच शब्दांत लिहिते: "तिला लिही, आंबवणाचा वाडगा तिने नेला होता, अजून परत आलेला नाही. ज्याने नेला त्यानेच परत आणायचा असतो, एवढी साधी रीत तोरिनोत विसरली का? जेनोव्हाहून बोट रोज आहे. सणाच्या आदल्या दिवशी कणीक मळायची आहे, एन्नियोलाही आण, ओट्यावरची जड परात उचलायला माणूस लागतं. पहिला ठसा तिने उमटवायचा, मी हात लावणार नाही." मी विचारलं, एवढंच? ती उठली, वाटाण्याची टरफलं कोंबड्यांना टाकून आली, पुन्हा बसली आणि म्हणाली, "आणि लिही की आईचं चुकलं. नीट लिही, म्हणजे तिला वाचता येईल." लिहिलंय, तिन्ना. ये.

तुझीच, आणि या खेपेला दोघींची,

मिमिया